धर्माची गाय आणि तिचे दात : विनामूल्य चित्रकथांचे एक वाचन

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. दानात मिळालेल्या गाईच्या तोंडात डोकावणाऱ्याला ती चांगलीच टोचते. व्यवहारात ही म्हण शहाणपणाची असेलही. वाङ्मयाच्या प्रांतात मात्र ती घातक आहे, असे आम्हांस वाटते. विकत घ्यायचे पुस्तक आपण पारखून घेतो, पैसे वसूल झाले की नाही याचा मनाशी हिशेब ठेवतो. फुकट हाती आलेल्या पुस्तकाला असा हिशेब लागू होत नाही. ते सहज घरात येते, मुलांच्या हाती पडते, आणि त्याने मुलांच्या मनात काय ठेवले याची चौकशी करण्याचे कोणाला सुचत नाही. त्यातून ते पुस्तक चित्रांचे असेल तर पाहायलाच नको. चित्रे म्हणजे पोरखेळ, असा आपल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही समज आहे. फुकट, आणि त्यात चित्रे! अशा पुस्तकाचे परीक्षण कोण करणार?

ते करावे असे आम्ही योजिले आहे. आम्ही चित्रकथांचे जुने शौकीन. ‘चांदोबा’तील चित्रे, ‘इंद्रजाल’ मालिकेतला मुखवटाधारी वेताळ आणि ‘अमर चित्रकथा’ या शिदोरीवर आमचे बालपण पोसले गेले. वय वाढले तरी हा नाद सुटला नाही. त्याची दिशा तेवढी बदलली. गेली काही वर्षे आम्ही विनामूल्य उपलब्ध असलेल्या जुन्या चित्रकथा शोधून वाचतो आहोत. या शोधात जे हाती लागले, त्यातील बराच भाग आपल्यासारख्याच कॅथलिक कुटुंबांसाठी, परंतु दूर अमेरिकेत, काढलेला होता. तो वाचताना आनंद झाला, काही ठिकाणी लाज वाटली, आणि एका ठिकाणी आम्ही थक्क झालो. या तिन्ही अनुभवांची ही मांडणी आहे.

प्रथम ‘विनामूल्य’ या शब्दाची फोड केली पाहिजे. चित्रकथा तीन प्रकारे फुकट मिळते. पहिला प्रकार व्यापाऱ्याच्या औदार्याचा. कॅलिफोर्नियातील कॉन्कर्ड गावच्या जो फील्ड या दुकानदाराने आइस्क्रीमच्या दुकानापुढे फुकट चव घेण्यासाठी लागलेली रांग पाहिली आणि आपल्या व्यवसायातही तसा एक दिवस असावा, अशी कल्पना मांडली. त्यातून ४ मे २००२ रोजी पहिला ‘मोफत कॉमिक बुक दिन’ साजरा झाला. या दिवशी ग्राहकाला अंक फुकट मिळत असला, तरी दुकानदार त्या अंकांसाठी प्रकाशकाला थोडे पैसे मोजतच असे. दुसरा प्रकार काळाच्या औदार्याचा. अमेरिकेच्या जुन्या कायद्यानुसार १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे स्वामित्व अठ्ठाविसाव्या वर्षी नव्याने नोंदवावे लागे. अनेक चित्रकथा-प्रकाशक तोवर बुडालेले होते, नाही तर बेफिकीर होते. त्यांची पुस्तके सर्वांच्या मालकीची झाली. अशा हजारो अंकांची जपणूक ‘डिजिटल कॉमिक म्युझियम’सारख्या संग्रहांत हौशी मंडळींनी पदरमोड करून केली आहे. तिसरा प्रकार प्रचारकाच्या औदार्याचा. येथे पुस्तक छापणाऱ्याला वाचकाकडून पैसा नको असतो. त्याला वाचकाचे मन हवे असते. हा प्रकार सर्वांत जुना, आणि परीक्षणाची गरज सर्वांत अधिक यालाच.

प्रचारक हा शब्द ऐकून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. आपली ख्रिस्तसभा या बाबतीत सर्वांची थोरली बहीण आहे. कोणत्याही चर्चमध्ये जा. दोन्ही भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने दिसतील. पिलाताच्या वाड्यापासून थडग्यापर्यंतची ही चित्रमालिका, निरक्षर माणसालाही वाचता येणारी, एक पैसाही न घेता सर्वांसाठी खुली. चौकट प्रत्येक वेळी स्वतंत्र, तरीही मागच्यापुढच्या चौकटींशी बांधलेली. आणि या मांडणीतले खरे मर्म दोन स्थानांमधल्या रिकाम्या भिंतीत आहे. त्या रिकाम्या जागेत चित्र नाही. तेवढे अंतर भाविकाला स्वतः चालावे लागते, आणि चालता चालता मागचे चित्र मनात मुरवून पुढच्या चित्राला सामोरे जावे लागते. चित्रकथेची सारी कला या रिकाम्या जागेत सामावलेली आहे, असे आमचे मत आहे. चित्रकाराने वाचकाला किती चालू दिले, या एका कसोटीवर आम्ही पुढील पुस्तके तपासणार आहोत.

आमच्या शोधातील मुख्य ठेवा म्हणजे ‘ट्रेझर चेस्ट ऑफ फन अँड फॅक्ट’, म्हणजेच गंमत आणि माहिती यांची तिजोरी, हे पाक्षिक. ओहायो राज्यातील डेटन शहरी जॉर्ज ए. फ्लॉम यांच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९४६ मध्ये ते सुरू केले आणि १९७२ पर्यंत चालवले. ते बाजारात विकण्यासाठी नव्हतेच. धर्मग्रामांच्या शाळांतून, शालेय वर्षात दर पंधरा दिवसांनी ते विद्यार्थ्यांच्या हाती पडे. त्या काळी त्याला दहा सेंट पडत. आज वॉशिंग्टन येथील कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेच्या अभिलेखागाराने त्याचे बरेचसे अंक पानन् पान छायाचित्रित करून सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. पिवळी पडलेली पाने संगणकाच्या पडद्यावर उलगडताना एखाद्या परक्या धर्मग्रामाच्या शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसल्यासारखे वाटते.

हे पाक्षिक का निघाले, हे समजून घेतल्याविना त्याचे मोल कळणार नाही. चित्रकथांबद्दल कॅथलिक समाजाच्या मनात तेव्हा मोठी भीती होती. बिशप जॉन फ्रान्सिस नोल यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये अमेरिकेत सभ्य साहित्यासाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. आक्षेपार्ह मासिकांच्या याद्या करणे आणि ती दुकानांतून हटवण्यासाठी प्रयत्न करणे हे तिचे काम. पुढे तिची नजर चित्रकथांकडेही वळली. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एका कॅथलिक शाळेच्या मुलांनी घरोघर फिरून कॉमिक्स गोळा केली आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. फ्रेडरिक वर्दॅम या मनोविकारतज्ज्ञाचे चित्रकथांवर झोड उठवणारे पुस्तक १९५४ मध्ये आले, त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने या विषयावर सुनावण्या घेतल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लादून घेतली.

वाईट पुस्तकाला आग लावणे सोपे आहे. त्याच्या जागी चांगले पुस्तक ठेवणे अवघड. ‘ट्रेझर चेस्ट’ने दुसरा मार्ग निवडला, म्हणून आम्हांस त्याचे कौतुक वाटते. हा मार्ग चोखाळणारे ते एकटे नव्हते. मिनेसोटातील सेंट पॉल येथून ‘टॉपिक्स’ नावाची कॅथलिक चित्रकथामालिका निघत असे. पुढे ‘पीनट्स’मुळे जगप्रसिद्ध झालेले चार्ल्स शुल्झ उमेदवारीच्या काळात त्या मालिकेतील संवादांची अक्षरे गिरवण्याचे काम करीत होते. तथापि ‘ट्रेझर चेस्ट’ची चिकाटी आणि विविधता अधिक. संतचरित्रे, विज्ञान, इतिहास, खेळ, विनोद आणि ‘चक व्हाइट’ या मुलाची वर्षानुवर्षे चाललेली साहसकथा असा त्याचा संसार. चक व्हाइटची चित्रे प्रथम फ्रॅन मटेरा आणि नंतर फ्रँक बोर्थ यांनी काढली.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. १९५४ च्या आचारसंहितेमुळे ज्या भयकथांच्या मासिकांना टाळे लागले, त्या मासिकांतील दोन नामवंत चित्रकार, ग्रॅहम इंगल्स आणि रीड क्रँडल, पुढे ‘ट्रेझर चेस्ट’च्या पानांवर दिसू लागले. ज्यांच्या चित्रांना पालक घाबरत होते, त्यांचीच चित्रे पालकांच्या संमतीने शाळेत वाटली जाऊ लागली. दोष हाताचा नव्हता. हाताला काम काय दिले यात होता. आपल्या समाजातही कलावंताला नावे ठेवण्यापूर्वी आपण त्याच्या हाती कोणते काम दिले, किंबहुना काही दिले तरी का, हा प्रश्न विचारला जाण्याची आवश्यकता आहे.

आता दोष सांगितले पाहिजेत. फुकट गाईचे दात मोजायचे तर सगळेच मोजू. १९६१-६२ या शालेय वर्षात ‘ट्रेझर चेस्ट’ने ‘हा देवहीन साम्यवाद’ अशा अर्थाच्या शीर्षकाची दहा भागांची मालिका छापली. चित्रे रीड क्रँडल यांची. आरंभी अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांचे पत्र. पहिल्या भागात अमेरिका साम्यवाद्यांच्या ताब्यात गेली तर कुटुंबांचे काय होईल याची कल्पना, आणि पुढे मार्क्स, लेनिन, स्टालिन ते क्रुश्चेव्ह असा इतिहास.

भीती निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी यांना १९४९ मध्ये जन्मठेप सुनावण्यात आली होती. पूर्व युरोपातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या हालअपेष्टा ही वाचकांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट होती. स्टालिनच्या छळछावण्या ही कोणाची कल्पना नव्हती. चित्रकार म्हणून क्रँडल यांचा अधिकारही वादातीत आहे. त्यांची रेषा घोटीव, माणसांची ठेवण भारदस्त. दोष आहे तो वेगळा. शीर्षकातच निकाल लागलेला आहे. खटला सुरू होण्यापूर्वीच आरोपीला शिक्षा फर्मावली, की पुढच्या दहा भागांत वाचकाने करायचे काय? केवळ माना डोलवायच्या. त्यात भर म्हणून पोलिसप्रमुखाचे पत्र. बालवाचकाची खात्री पटवण्यासाठी कथेचे बळ अपुरे वाटले, की अधिकाऱ्याच्या शिक्क्याची गरज लागते. क्रूसाच्या वाटेतली रिकामी भिंत येथे शिल्लकच ठेवलेली नाही.

दुसरीही एक उणीव जाणवते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामगारांच्या दुःस्थितीचा प्रश्न उघडपणे मांडला होता. पोप जॉन तेविसावे यांचे सामाजिक न्यायावरील ‘मातेर एत माजिस्त्रा’ हे विश्वपत्र तर १५ मे १९६१ रोजी, म्हणजे ही मालिका सुरू होण्याच्या काही महिने आधी, निघाले होते. गरिबाला कोणती भूक साम्यवादाकडे ओढते, हा प्रश्न ख्रिस्तसभेने स्वतःला विचारला होता. मालिकेचा सारा भर मात्र शत्रूच्या भयावर आहे. भयावर पोसलेले मूल सावध होईल. शहाणे होईलच असे नाही. या मालिकेने आम्हांस लाज वाटली ती एवढ्यासाठी, की आपल्याजवळ याहून मोठे काही सांगायला असताना आपण लहान गोष्ट सांगितली.

आणि आता ज्या कथेने आम्ही थक्क झालो ती. अवघ्या दोन वर्षांनंतर, १९६४ मध्ये, त्याच पाक्षिकात ‘पेटिग्रू फॉर प्रेसिडेंट’ ही दहा भागांची मालिका आली. लेखक बेरी रीस, चित्रकार जो सिनॉट. कथा भविष्यकाळातली, १९७६ च्या निवडणुकीची. न्यूयॉर्कचे गव्हर्नर टिम पेटिग्रू राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे आहेत. प्रचार, पक्षांतर्गत डावपेच, विरोध, अधिवेशन असा मजकूर. नागरिकशास्त्राचा धडा म्हणून शिक्षकाला सोयीचा. परंतु एक विचित्र गोष्ट हळूहळू ध्यानात येते. कथानायकाचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. कधी ते पाठमोरे आहेत, कधी गर्दीआड, कधी चौकटीच्या कडेला कापले गेलेले. त्यांचे विचार कळतात, त्यांची निष्ठा कळते, त्यांच्यासाठी राबणारी माणसे कळतात. वाचक महिनोन्‌महिने त्यांच्या बाजूने उभा राहतो. आणि शेवटच्या भागाच्या शेवटी चेहरा दिसतो. टिम पेटिग्रू कृष्णवर्णीय आहेत.

हे १९६४ साल होते, याचे स्मरण ठेवावे. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा त्याच वर्षीच्या २ जुलैला संमत झाला. मालिका शालेय वर्ष संपण्यापूर्वीच पूर्ण झाली होती. दक्षिणेकडील अनेक शहरांत कृष्णवर्णीय माणसाला उपाहारगृहात शेजारी बसू देत नव्हते, त्या काळात गोऱ्या मुलांच्या हाती ही कथा शाळेतून पडली. पेटिग्रू अखेर निवडून येतात का, हे कथा सांगत नाही. जे वाचक १९७६ पर्यंत मतदार होतील त्यांच्यावर ते अवलंबून आहे, असे सुचवून ती थांबते.

आमच्या कसोटीवर ही कथा सर्वांत उजवी ठरते. येथे दोन चौकटींमधली रिकामी जागा दहा अंकांपर्यंत ताणली आहे. चेहऱ्याची जागा मोकळी ठेवून चित्रकाराने वाचकाला चालू दिले, आणि चालत चालत वाचक अशा जागी पोहोचला, जिथे तो आपल्या पूर्वग्रहांसह कधीही आला नसता. शेवटच्या चौकटीत उघडे पडते ते वाचकाचे स्वतःचे मन. ज्याला चेहरा पाहून धक्का बसला, त्याने स्वतःला विचारावे की कालपर्यंत आवडलेला माणूस आज का खटकतो? प्रवचनाने जे साधले नसते ते एका लपवलेल्या चेहऱ्याने साधले. जातीची आणि पोटजातीची विचारणा अजून लग्नाच्या बैठकीत करणाऱ्या आम्हां मंडळींनी हा प्रश्न अमेरिकेच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये.

कथा निर्दोष आहे असेही नव्हे. प्रचाराच्या तांत्रिक तपशिलांनी ती अधूनमधून पाठ्यपुस्तकासारखी कोरडी होते. शिवाय युक्ती एकदाच चालणारी आहे. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला पहिल्या वाचनाची नवलाई पुन्हा लाभत नाही. तरीही दुसऱ्या वाचनात वेगळा रस मिळतो. चित्रकाराने प्रत्येक चौकटीत चेहरा कसा चुकवला, ते पाहण्यात. सिनॉट हे श्रद्धावान कॅथलिक, ‘फँटॅस्टिक फोर’च्या शाईकामासाठी चित्रकथाप्रेमींना परिचित. १९६२ मध्ये त्यांनी ‘ट्रेझर चेस्ट’साठी पोप जॉन तेविसावे यांचे चरित्र चितारले होते, वीस वर्षांनी मार्व्हल कंपनीने पोप जॉन पॉल दुसरे यांचे चरित्र चित्रकथेत आणले, तेव्हा शाई चढवणारा हात त्यांचाच होता. २०२० मध्ये ते निवर्तले. २००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, त्या सुमारास अनेकांना या जुन्या मालिकेची आठवण झाली. तिच्या बालवाचकांनी तोवर पन्नाशी ओलांडली होती.

आता फुकट चित्रकथेचे सर्वांत कडवे उदाहरण. तळहातावर मावणाऱ्या, काळ्यापांढऱ्या चित्रांच्या आडव्या पुस्तिका आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. कॅलिफोर्नियातील जॅक चिक (१९२४-२०१६) यांनी त्या काढल्या आणि त्या शेकडो भाषांत गेल्या नसल्या तरी शंभरावर भाषांत निश्चित गेल्या. श्रद्धाळू लोकांनी गठ्ठ्याने विकत घ्यायच्या आणि बसथांब्यावर, बाकावर, दवाखान्यात फुकट ठेवून द्यायच्या, अशी ही योजना. यांतील काही पुस्तिका आपल्या धर्मावर थेट घाला घालतात. ‘द डेथ कुकी’ या १९८८ च्या पुस्तिकेत ख्रिस्तशरीराच्या संस्काराची टवाळी आहे. त्याआधी १९७९ मध्ये त्यांनी ‘अल्बर्टो’ हे रंगीत चित्रपुस्तक काढले. स्वतःला माजी जेज्विट धर्मगुरू म्हणवणाऱ्या एका इसमाच्या तोंडून ख्रिस्तसभेवर भयंकर आरोप त्यात केले होते. १९८१ मध्ये अमेरिकेतील प्रॉटेस्टंट नियतकालिकांनीच त्या इसमाची पाळेमुळे खणून त्याचे दावे खोटे ठरवले. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या या सचोटीची नोंद कृतज्ञतेने घेतली पाहिजे.

अशा पुस्तिका फाडून टाकणे हा सोपा उपाय. परंतु फाडलेल्या पुस्तिकेचे परीक्षण होत नाही, आणि तिची मोहिनी तशीच उरते. चिक यांच्या हाती कसब होते, हे मान्य केले पाहिजे. मेलेल्या माणसासमोर त्याचे आयुष्य चित्रपटासारखे उलगडते, ही त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या पुस्तिकेची कल्पना मनाची पकड घेणारी आहे. बिघडते ते पुढे. त्यांच्या जगात माणूस दोनच प्रकारचा, आणि त्याला निवडीसाठी वेळ शेवटच्या पानापर्यंतचा. चेहरा पाहताच कोण वाचणार आणि कोण बुडणार ते कळते. रिकामी जागा कोठेही नाही. वाचकाला मानगुटीस धरून शेवटपर्यंत नेले जाते. ही पद्धत आपल्याविरुद्ध वापरली की आपल्याला तिचा राग येतो. परंतु आधी उल्लेखिलेल्या साम्यवादविरोधी मालिकेत हीच पद्धत सौम्य रूपात आपण वापरली होती, हे कबूल केल्यावाचून आमचे परीक्षण प्रामाणिक ठरणार नाही.

प्रचार आणि कला यांचे वैर अटळ आहे काय? तसे नाही, याची साक्ष ‘मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी’ ही सोळा पानी चित्रकथा देते. शांतता आणि अहिंसा यांसाठी झटणाऱ्या ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या संस्थेने ती डिसेंबर १९५७ मध्ये काढली. किंमत दहा सेंट. चर्चमधून आणि शाळांतून अडीच लाख प्रती पसरल्या. आज ती विनामूल्य वाचता येते. माँटगोमेरी शहरातील बसबहिष्काराची हकिगत सांगून झाल्यावर तीत गांधीजींच्या सत्याग्रहाची ओळख आहे, आणि ही पद्धत वाचकाने स्वतः कशी आचरावी याचे पायरीपायरीने विवेचन आहे. हाही प्रचारच. परंतु येथे शत्रूचा द्वेष करण्यास शिकवलेले नाही. तोही बदलू शकतो, असे गृहीत धरले आहे. पुढे अमेरिकन संसदेचे सदस्य झालेले जॉन लुइस यांनी तरुणपणी ही पुस्तिका वाचली होती. उतारवयात त्यांनी आपली जीवनकथा ‘मार्च’ या तीन भागांच्या चित्रकथेतून सांगितली, आणि तिच्या तिसऱ्या भागाला २०१६ चे अमेरिकेचे ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाले. दहा सेंटची पुस्तिका साठ वर्षांनी असे फळ देऊन गेली.

या पुस्तिकेवर चित्रकाराचे नाव नव्हते. ते साय बॅरी होते, हे २०१८ मध्ये उजेडात आले. नाव वाचून आम्ही खुर्चीतून उठलो. १९६१ पासून वेताळाची चित्रे काढणारे ते हेच साय बॅरी! १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल’ मालिकेतून ज्यांची रेषा आमच्या घरात आली, ज्यांचे अंक आम्ही वडीलधाऱ्यांच्या नजरेआड वाचले, त्याच हाताने महात्मा गांधी आणि डॉ. किंग चितारले होते, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. शौकीन माणसाला शोधाचे याहून गोड फळ ते कोणते?

तर मग फुकट चित्रकथा घरात आली असता पालकांनी काय पाहावे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, पैसे कोणी दिले? वाचकाने दिले नाहीत म्हणजे दुसऱ्या कोणी तरी दिले आहेत. त्याचा हेतू वाईटच असेल असे नाही, पण तो ठाऊक असावा. दुसरी, विरोधकाला चेहरा दिला आहे की केवळ मुखवटा? ज्या कथेत समोरचा माणूस माणूस राहत नाही, ती आपल्या बाजूची असली तरी मुलाच्या हाती एकटी देऊ नये. सोबत बसून वाचावी. तिसरी, चौकटींच्या मध्ये चालायला जागा आहे काय? पुस्तक मिटल्यावर मूल प्रश्न विचारीत असेल तर जागा होती. ते केवळ घोषणा देत असेल तर नव्हती.

चौथी गोष्ट पालकांना नव्हे, आपल्या लेखक-चित्रकारांना सांगायची आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, तेव्हा येथील लोकांच्या कानांत पुराणे घुमत होती. त्या पुराणांची केवळ निंदा करून ते थांबले नाहीत. लोकांच्या ओठांवरची ओवी त्यांनी उचलली, आणि १६१६ मध्ये जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून आणले. लोक ज्या घाटाचे पाणी पितात तो घाट ओळखणे, आणि त्यात आपली घागर आदराने बुडवणे, हे त्या थोर कवीचे शहाणपण. आज आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे ओवी नाही, चित्र आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात अजून आपण पाठांतरावर भागवतो आणि चित्रे परक्यांकडून फुकट आलेली वापरतो. आपल्या बोलींत बोलणारी, आपल्या अंगणातली, आपल्या कोळ्यांची, कुणब्यांची आणि शिक्षिकांची चित्रकथा मराठीत निघाली, तर ती पहिली वाचण्याचा हक्क आम्ही आजच सांगून ठेवतो.

प्रभूने शिष्यांना गावोगाव धाडले तेव्हा जे मोफत लाभले ते मोफत वाटण्यास सांगितले. या आज्ञेत देणाऱ्यावरही एक जबाबदारी येते, याचा आपल्याला विसर पडतो. फुकट द्यायचे म्हणून कसेही, कोणतेही देऊन चालत नाही. ‘पेटिग्रू’च्या कर्त्यांनी मुलांना आपल्याजवळचे उत्तमातले उत्तम दिले, म्हणून साठ वर्षांनंतर, सातासमुद्रांपलीकडे, एका परक्या भाषेत त्यांचे परीक्षण लिहिण्याचा योग आम्हांस आला. धर्माच्या गाईचे दात अवश्य मोजावेत. गाय चांगली असेल तर तिचे दूध अधिक विश्वासाने मुलांना पाजता येते.